वर्तनवाद : दाणा कोणाच्या हाती?

नवे शास्त्र जगात येते तेव्हा आपला हेतू ते सहसा मोजक्या आणि सौम्य शब्दांत सांगते. १९१३ सालच्या फेब्रुवारी महिन्यात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात जॉन ब्रॉडस वॉटसन या पस्तिशीतील प्राध्यापकाने जे व्याख्यान दिले, त्यात मात्र आडपडदा नव्हता. मानसशास्त्राने मन, जाणीव, अंतर्निरीक्षण हे शब्द टाकून द्यावेत. डोळ्यांना दिसते आणि मोजता येते ते प्राण्याचे वर्तन, तेवढ्याचाच अभ्यास करावा. आणि या अभ्यासाचे साध्य दुहेरी असावे, वर्तनाचे भाकीत करणे आणि वर्तनावर नियंत्रण ठेवणे, असे त्यांचे म्हणणे होते. यांतील भाकीत हा शब्द खगोलशास्त्रज्ञाचा आहे, नियंत्रण हा शब्द राज्यकर्त्याचा आहे. खगोलशास्त्रज्ञ ग्रहण केव्हा लागेल ते सांगतो. तो ग्रहण लावीत नाही. वॉटसन यांनी मानसशास्त्रासाठी दोन्ही अधिकार मागितले, आणि तेथूनच प्रयोगशाळेतील एक प्रश्न राज्यशास्त्राचा प्रश्न होऊन बसला.

हा प्रश्न कोणता? माणसाचे वर्तन बाहेरून घडविता येते काय, हा त्याचा पहिला भाग. त्याचे उत्तर शंभर वर्षांच्या अनुभवाने बरेचसे दिले आहे : काही अंशी येते. दुसरा भाग अधिक अवघड आहे. जो घडवितो त्याला जाब कोण विचारणार? वर्तनवादाचा इतिहास मला या दुसऱ्या प्रश्नाचाच इतिहास वाटतो.

या विचाराचे एक मूळ रशियात आहे. इव्हान पाव्हलॉव्ह हे रियाझान गावच्या एका धर्मगुरूचे पुत्र. पचनक्रियेवरील संशोधनासाठी त्यांना १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. कुत्र्याच्या तोंडाला अन्न पाहून लाळ सुटते हे कोणासही ठाऊक होते. परंतु अन्नापूर्वी प्रत्येक वेळी एखादा ठरावीक आवाज ऐकविला, तर पुढे पुढे नुसत्या आवाजानेही लाळ सुटते, हे पाव्हलॉव्ह यांनी थेंब मोजून दाखविले. जन्मजात प्रतिक्षिप्त क्रियेला नवे उद्दीपक जोडण्याच्या या प्रक्रियेला आपण अभिसंधान म्हणतो. लेनिन यांच्या राजवटीला या शोधाचे महत्त्व तत्काळ पटले. नवा समाज घडवावयाचा तर नवा माणूस घडवावा लागणार, आणि माणूस घडविण्याची किल्ली तर येथेच सापडलेली! देश उपासमारीने गांजलेला असताना जानेवारी १९२१ मध्ये खास हुकूम काढून पाव्हलॉव्ह यांच्या संशोधनाची आणि शिधासामग्रीची सोय करण्यात आली. पण पाव्हलॉव्ह स्वतः सरकारचे मिंधे झाले नाहीत. पुढे धर्मगुरूंच्या मुलांना लष्करी वैद्यक अकादमीतून काढून टाकण्यात आले, तेव्हा आपणही धर्मगुरूचेच पुत्र आहोत याचे स्मरण ठेवून त्यांनी तेथील अध्यासनाचा राजीनामा दिला. ज्याने अभिसंधानाचे नियम शोधले त्याच्यावरच सरकारी शिध्याचे अभिसंधान चालले नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

अमेरिकेत वॉटसन यांनी हाच विचार माणसाला लावला, आणि त्यांच्या हातून त्याची उजळ आणि काळी अशा दोन्ही बाजू जगापुढे आल्या. उजळ बाजू अशी. १९२० च्या दशकातील अमेरिकेत रक्ताची प्रत, वंशाची प्रत यांचे स्तोम माजले होते. १९२४ च्या कायद्याने दक्षिण व पूर्व युरोपातून येणाऱ्या लोकांवर कडक मर्यादा घातल्या आणि आशियाच्या लोकांना जवळजवळ दार बंद केले. १९२७ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने, ‘निकृष्ट’ ठरविलेल्या व्यक्तींची सक्तीने नसबंदी करणारा कायदा वैध ठरविला. अशा काळात वॉटसन सांगत होते की, कोणतेही सुदृढ मूल माझ्या हाती द्या. त्याचे कूळ, वंश, बापजाद्यांचा धंदा काहीही असो, त्याला मी वैद्य करीन, वकील करीन, वाटल्यास चोरही करीन. आपण पुराव्याच्या पुढे जाऊन बोलत आहोत याची कबुलीही त्यांनी तेथेच दिली होती. विरुद्ध पक्ष हजारो वर्षे तेच करीत आला आहे, एवढे मात्र सुनावले होते. जन्मावरून माणसाची पायरी ठरविणाऱ्या मताचे चटके आपल्याही समाजाने सोसले आहेत. त्यामुळे या घोषणेतील मुक्तीचा स्वर आपल्याला सहज ऐकू यावा.

काळी बाजू बाल्टिमोरच्या एका रुग्णालयात दिसली. ‘अल्बर्ट’ या नावाने प्रसिद्ध झालेले ते सुमारे अकरा महिन्यांचे मूल. वॉटसन आणि त्यांच्या सहकारी रोझली रेनर यांनी त्याच्यापुढे पांढरा उंदीर सोडला. मूल हसून हात पुढे करी. मग उंदराला हात लागताच पाठीमागे लोखंडी कांबीवर हातोड्याचा घाव घालण्यात येई. असे काही वेळा केल्यावर मूल नुसता उंदीर पाहून रडू लागले. पुढे सशाला आणि फरच्या कोटालाही भ्याले. प्रयोगाचा वृत्तांत १९२० साली छापला गेला. ती भीती काढून टाकण्यापूर्वीच मूल रुग्णालयातून निघून गेले होते. भीती काढता येते हे मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ मध्ये पीटर नावाच्या दुसऱ्या एका मुलाच्या बाबतीत दाखविले : मूल आवडीचा खाऊ खात असताना ससा हळूहळू जवळ आणीत त्यांनी त्याची भीती घालविली. नियम तोच, पण एका प्रयोगात मूल साधन होते, दुसऱ्यात त्याचे हित हेच प्रयोजन होते.

त्याच सुमारास खासगी जीवनातील प्रकरणावरून वॉटसन यांना विद्यापीठ सोडावे लागले आणि ते न्यूयॉर्कच्या एका मोठ्या जाहिरात कंपनीत गेले. भीती, राग आणि प्रेम या तीन मूळ भावनांना हात घातला की ग्राहक हलतो, हा त्यांचा सिद्धान्त तेथे उपयोगी पडला. १९२८ च्या बालसंगोपनावरील पुस्तकात, मुलांना कवटाळू नका, त्यांचे मुके घेऊ नका, सकाळी हस्तांदोलन करावे, असा सल्ला त्यांनी मातांना दिला. प्रयोगशाळेतील मूल, बाजारातील ग्राहक आणि घरातील बाळ या तिघांना एकच न्याय लावलेला पाहून आज आपण चकित होतो. तिघांच्याही बाबतीत ‘तुम्हाला हे हवे आहे काय?’ असे विचारण्याचे कारण वॉटसन यांना दिसले नाही, कारण ‘हवे असणे’ हा मनाचा शब्द, आणि मन तर त्यांनी आधीच वगळलेले.

दुसऱ्या महायुद्धानंतर हा प्रश्न थेट राजकारणात उतरला. १९५० च्या उन्हाळ्यात मॉस्को येथे सोव्हिएत विज्ञान अकादमी आणि वैद्यकविज्ञान अकादमी यांचे संयुक्त अधिवेशन भरविण्यात आले, आणि पाव्हलॉव्ह यांची शिकवण हीच शरीरशास्त्राची व मानसशास्त्राची अधिकृत दिशा ठरविण्यात आली. पाव्हलॉव्ह यांचेच ज्येष्ठ शिष्य लिओन ऑर्बेली यांना पुरेसे ‘पाव्हलॉव्हवादी’ नसल्याबद्दल पदे गमवावी लागली. प्रयोगाने सिद्ध करावयाची गोष्ट आता फर्मानाने सिद्ध होऊ लागली.

तिकडे कोरियाच्या युद्धात चिन्यांच्या हाती पडलेले काही अमेरिकन सैनिक शत्रूची भाषा बोलू लागले, तेव्हा अमेरिकेत ‘ब्रेनवॉशिंग’ या शब्दाने घबराट उडविली. शत्रूने पाव्हलॉव्हचे शास्त्र वापरून माणसांची मनेच धुऊन काढली, असा समज पसरला. या प्रकरणाशी आपल्या देशाचा, आणि एका मराठी सेनानीचा, प्रत्यक्ष संबंध आला. २७ जुलै १९५३ रोजी युद्धविराम झाला. मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या कैद्यांचे काय करावयाचे, यासाठी पाच तटस्थ राष्ट्रांचा आयोग नेमला गेला. त्याचे अध्यक्षपद भारताकडे, म्हणजे जनरल थिमय्या यांच्याकडे, होते. आणि कैद्यांच्या रक्षणासाठी गेलेल्या भारतीय दलाचे नेतृत्व कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात यांच्याकडे होते. साम्यवादी देशांत परत जाण्यास नकार देणारे २२,००० हून अधिक कैदी होते; उलट बाजूला साडेतीनशेच्या आसपास.

योजना मोठी अर्थपूर्ण होती. कैद्याला एका तंबूत आणावयाचे. त्याच्या मायदेशाच्या प्रतिनिधीने त्याला परतण्याचे आवाहन करावयाचे. तटस्थ राष्ट्रांच्या प्रतिनिधींनी लक्ष ठेवावयाचे, आणि मग कैद्याने आपला मार्ग निवडावयाचा : एका दाराने घरी, दुसऱ्या दाराने परत छावणीकडे. दोन महासत्ता ज्याच्या मनावर हक्क सांगत होत्या, त्या माणसाला निदान काही मिनिटे दोघांच्याही मुठीबाहेर उभे करून ‘तुझे म्हणणे काय?’ असे विचारण्याची ही खटपट होती. ती अर्धवटच राहिली. छावण्यांतून कैद्यांच्याच पुढाऱ्यांची अशी दहशत होती की, बहुसंख्य कैदी त्या तंबूपर्यंत आलेच नाहीत. अखेर २१ अमेरिकन आणि १ ब्रिटिश सैनिक मागे राहिले. पुढे रॉबर्ट लिफ्टन आणि एडगर शाइन यांनी या साऱ्याचा अभ्यास करून १९६१ साली आपापली पुस्तके प्रसिद्ध केली. त्यांत जादूचे शास्त्र काही निघाले नाही. एकांतवास, थकवा, सोबत्यांचा दबाव, सक्तीचे कबुलीजबाब, आणि सुटकेची वाट न दिसणे, एवढीच ती सामग्री होती. माणसाला सगळीकडून तोडले की तो वाकतो, हे जुन्या काळच्या तुरुंगाधिकाऱ्यांनाही माहीत होते.

वर्तनवादाला सर्वांत समर्थ वक्ता मिळाला तो मात्र अमेरिकेतच. बी. एफ. स्किनर यांचा जन्म १९०४ चा, मृत्यू १९९० चा. पाव्हलॉव्ह यांचा कुत्रा पट्ट्यात बांधलेला होता. स्किनर यांचा उंदीर पेटीत मोकळा फिरे. फिरता फिरता त्याचा पाय एका दांडीवर पडे आणि खाद्याची गोळी खाली येई. मग तो पुन्हा पुन्हा दांडी दाबी. ज्या कृतीचे फळ चांगले ती कृती बळावते. या बळावण्यास प्रबलन म्हणतात. स्किनर यांचे खरे कर्तृत्व पुढे आहे. दर वेळी गोळी मिळण्यापेक्षा ती अनियमितपणे, केव्हा मिळेल याचा नेम नसताना मिळाली, तर प्राणी अधिक चिकाटीने दांडी दाबीत राहतो, हे त्यांनी दाखविले. जुगाराच्या यंत्रापुढून माणूस का उठत नाही, याचे उत्तर त्या पेटीत होते. शिक्षेने वर्तन केवळ दबते, सुधारत नाही, हेही ते आयुष्यभर सांगत राहिले.

आम्हा शिक्षकांना त्यांचे १९५३ मधील एक निरीक्षण विशेष मोलाचे वाटावे. मुलीच्या गणिताच्या वर्गात पालक म्हणून बसले असता त्यांना दोन दोष दिसले : उदाहरण बरोबर की चूक हे मुलांना तेथल्या तेथे कळत नव्हते, आणि हुशार व मागास अशा सर्व मुलांना एकाच चालीने हाकले जात होते. यांतून त्यांचे अध्यापन-यंत्र जन्मले. त्या कल्पनेवर आधारलेल्या क्रमान्वित अध्ययनाचे प्रयोग पुढे बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठातही झाले. यंत्र मागे पडले. पण मुलाला उत्तर तत्काळ सांगावे, आणि छडीपेक्षा यशाने शिकवावे, हा उपदेश अजून शिळा झालेला नाही.

परंतु स्किनर वर्गात थांबले नाहीत. १९४८ च्या ‘वॉल्डन टू’ या कादंबरीत त्यांनी सुमारे हजार वस्तीचे एक आदर्श गाव रंगविले. तेथे कोणी कोणाला दंड करीत नाही. सारे काही प्रबलनाने सुरळीत चालते. त्या गावाचा कारभार सहा नियोजक पाहतात. रहिवासी त्यांना निवडून देत नाहीत. जागा रिकामी झाली की नियोजकच ती भरतात. लोक सुखी असताना मताची पेटी हवी कशाला, असा त्यामागचा विचार. १९७१ च्या पुस्तकात तर त्यांनी सांगून टाकले की, स्वातंत्र्य आणि प्रतिष्ठा या कल्पना आता समाजाच्या वाटेतील धोंड होऊन बसल्या आहेत. त्यावर मोठे वादळ उठले. भाषेचा व्यवहार प्रबलनाने उलगडत नाही असे १९५९ मध्येच दाखवून देणारे नोम चॉम्स्की पुन्हा त्यांच्यावर तुटून पडले.

स्किनर यांना खलपुरुष ठरविणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही. नियंत्रण तर चालूच असते, मग ते नकळत आणि वाईट रीतीने चालू देण्यापेक्षा विचारपूर्वक का करू नये, हा त्यांचा प्रश्न प्रामाणिक होता. इतकेच नव्हे, तर त्यावरील उताराही त्यांनीच सुचविला. त्याचे नाव प्रतिनियंत्रण. विद्यार्थ्यांच्या एका विनोदी नियतकालिकात एक व्यंगचित्र आले होते : पेटीतील उंदीर सोबत्याला सांगतो की, या गृहस्थाला मी छान वळण लावले आहे, मी दांडी दाबली की तो मुकाट्याने गोळी टाकतो! स्किनर यांना या विनोदात तथ्य दिसले. नियंत्रित प्राणीही नियंत्रकाला वळवीत असतो. आणि लहान मुले, वृद्ध, कैदी, मनोरुग्ण यांच्या वाट्याला छळ का येतो, याचे कारणही त्यांनी अचूक सांगितले : त्यांच्या हाती उलट दाब देण्याचे साधन नसते. निदान बिनचूक होते. औषध देताना मात्र त्यांनी भरवसा ठेवला तो शहाण्या नियोजकावर. ज्याच्या हाती ससा तो पारधी, ही आपली म्हण त्यांना ठाऊक असती तर बरे झाले असते.

ही उणीव भरून काढली ती प्रयोगशाळेने नव्हे, न्यायालयाने. १९७२ साली अमेरिकेच्या मिसूरी राज्यात स्प्रिंगफील्ड येथील संघीय तुरुंग-रुग्णालयात ‘स्टार्ट’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला. उपद्रवी ठरविलेल्या कैद्यांना त्यांच्या संमतीवाचून तेथे आणावयाचे. आंघोळ, व्यायाम, वाचन यांवर कडक मर्यादा घालावयाच्या. आणि वर्तन सुधारेल तसतशा सवलती पायरीपायरीने परत करावयाच्या. म्हणजे आधी हिरावून घ्यावयाचे आणि मग तेच बक्षीस म्हणून द्यावयाचे. कैद्यांनी उपोषणे केली, ते न्यायालयात गेले. १९७४ च्या आरंभी कार्यक्रम गुंडाळण्यात आला, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये न्यायालयाने सांगितले की, सुनावणीवाचून कोणालाही अशा कार्यक्रमात लोटणे हे कायद्याला धरून नाही. त्याआधी १९७२ मध्ये अलाबामा राज्यातील मनोरुग्णालयांच्या खटल्यात दुसऱ्या एका न्यायालयाने अन्न, बिछाना, एकांत, भेटीगाठी यांसारख्या गोष्टींना रुग्णांचे किमान हक्क म्हणून मान्यता दिली होती. इलिनॉय राज्यातील ॲना येथील मनोरुग्णालयात १९६१ पासून बिल्ले देऊन रुग्णांना कामाला लावण्याची पद्धत रूढ झाली होती आणि वर्षानुवर्षे निश्चल बसलेले रुग्ण तिने हालतेबोलते झालेही होते. पण अलाबामाच्या निकालाने एक रेघ ओढली : काही वस्तू दाण्याच्या डब्यात टाकताच येत नाहीत. त्या माणसाच्या आधीच मालकीच्या असतात.

‘वॉल्डन टू’ वाचून १९६७ साली व्हर्जिनिया राज्यात ‘ट्विन ओक्स’ ही वसाहत स्थापन झाली. तेथील मंडळींनी नियोजकांची पद्धत घेतली. पण नियोजकांचा निर्णय फिरविण्याचा मार्ग सभासदांच्या हाती ठेवला. कालांतराने वर्तनवाद तेथून मावळला. वसाहत मात्र अर्धशतकाहून अधिक काळ टिकली. कादंबरीतील गावाला जे नको होते, त्यानेच खऱ्या गावाला तगविले असावे.

आपल्या देशातही हा दाणा अक्षरशः दाण्याच्याच रूपाने येऊन गेला आहे. १९९५ च्या शालेय पोषण योजनेत, शिजविलेले अन्न मिळत नसे अशा ठिकाणी, ८० टक्के हजेरी भरणाऱ्या मुलाला महिन्याला ३ किलो धान्य द्यावयाचे असे. नोव्हेंबर २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळांतील प्रत्येक मुलाला शिजविलेले अन्न द्यावे असा आदेश दिला. धान्य हजेरीचे बक्षीस होते. जेवण हा मुलाचा हक्क झाला. मुले शाळेत येतात ती अजूनही काही अंशी जेवणासाठी येत असतील. पण हक्काच्या ताटावर बसलेल्या मुलाची मान ताठ असते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षेवर बंदी घालून आमच्या हातची छडीही काढून घेतली. स्किनर यांना हे आवडले असते.

आता पेटी आपल्या खिशात आली आहे. २०१२ च्या जानेवारीत फेसबुकने एक आठवडाभर ६,८९,००० हून अधिक लोकांच्या पुढ्यात येणाऱ्या मजकुरातील आनंदी किंवा दुःखी शब्द कमी करून, त्याने त्यांचे स्वतःचे लिहिणे बदलते काय ते पाहिले. परिणाम अगदी अल्प निघाला. २०१४ मध्ये तो प्रसिद्ध झाला तेव्हा लोक संतापले ते परिणामामुळे नव्हे. आपण प्रयोगात होतो हे आपल्याला कोणी सांगितले नाही, म्हणून. बाल्टिमोरच्या त्या मुलाला विचारता आले नसते, कारण ते अकरा महिन्यांचे होते. या लाखो प्रौढांना विचारता आले असते. विचारले नाही एवढेच.

श्रोतेहो, माणूस सवयीने घडतो, फळाच्या आशेने हलतो, भीतीने थिजतो, हे वर्तनवादाने दाखविलेले सत्य आपण मान्य करावे. त्याने शाळेतील छडी खाली ठेवावयास लावली, मनोरुग्णांना उठविले, कुळाचा गर्व उतरविला. त्याचे हे ऋण नाकारू नये. परंतु कोणी शाळेत, कचेरीत, बाजारात किंवा सरकारात आपल्या भल्यासाठी आपले वर्तन सुधारण्याची योजना घेऊन आला, तर ती सफल होईल की नाही हे विचारण्यापूर्वी त्या तंबूची आठवण करावी. तंबूला दोन दारे आहेत काय, आणि दुसऱ्या दाराने जाणाऱ्याला कोणी अडविणार नाही ना, एवढे आधी पाहून घ्यावे.